आई-वडिलांकडून मुलाला प्लॉट बक्षीस: आयकर, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी, पायरीपायरीने

बापाने लेकाच्या किंवा लेकीच्या नावावर प्लॉट करून दिला, तर त्यात कर कसला, असं बहुतेक घरांत धरून चालतात. आयकरापुरतं आणि त्या दिवसापुरतं ते खरंही आहे. पण मुद्रांक शुल्क त्याच दिवशी भरावं लागतं, आणि आयकर येतो तो प्लॉट पुढे विकाल तेव्हा. तोही वडिलांनी प्लॉट किती सालात आणि केवढ्याला घेतला होता, त्या हिशेबाने. म्हणून बक्षीसपत्र करताना निम्मं लक्ष आजच्या खर्चावर आणि निम्मं वडिलांच्या जुन्या कागदांवर ठेवा.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या जमिनीसाठी आहे. आयकराची कलमं १९६१ च्या कायद्यातली दिली आहेत, कारण जुने निकाल आणि सल्लागारांची बोली त्याच क्रमांकांवर चालते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू आहे. तिथे क्रमांक बदललेत, बक्षिसाबाबतची तत्त्वं तीच आहेत.

१. आधी ठरवा: बक्षीसपत्रच हवं आहे का?

तीन वाटा आहेत. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते हवं तेव्हा बदलता येतं, पण मालकी वडिलांच्या पश्चातच मिळते. हक्कसोडपत्र तेव्हा चालतं जेव्हा मुलाचा त्या मिळकतीत आधीपासून हिस्सा असतो; एकट्या वडिलांच्या मालकीच्या प्लॉटला ते लावता येत नाही. बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते आणि साधारणपणे परत घेता येत नाही. मुलाला आत्ता बांधकाम करायचं आहे, त्यासाठी स्वतःच्या नावावर गृहकर्ज हवं आहे, अशा वेळी बक्षीसपत्र योग्य.

चौथी वाट लोक स्वतःच काढतात: नावाला दोन-पाच लाख किंमत घालून खरेदीखत. ही वाट टाळाच. खरेदीखत झालं की वडिलांसाठी ती विक्री होते आणि कलम ५०सी लागतं. प्लॉटचं मुद्रांक मूल्यांकन ३० लाख असेल आणि खतात ५ लाख लिहिले असतील, तर वडिलांना ३० लाख मिळाले असं धरून भांडवली नफा मोजला जातो. हातात न आलेल्या पैशावर कर. शिवाय मुद्रांकही खरेदीखताच्या पूर्ण दराने, आणि तोही ३० लाखांवर. बक्षिसाला मात्र कलम ४७(३) प्रमाणे 'हस्तांतरण' मानत नाहीत, त्यामुळे वडिलांना काहीच कर नाही.

२. वडिलांना ती जमीन देता येते का, हे सातबाऱ्यावर पाहा

डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा काढा; शहरात असाल तर मिळकत पत्रिका. त्यावर चार गोष्टी वाचा.

मालकाच्या रकान्यात आणखी कोणाची नावं आहेत का? काका, आत्या, भाऊ-बहिणी सामाईकात असतील तर वडील एकटे पूर्ण प्लॉट देऊ शकत नाहीत. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींनाही जन्मतः हिस्सा आहे, २००५ च्या दुरुस्तीपासून. तिथे आधी वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्र, मग बक्षीस. बहिणीला न सांगता उरकलेलं बक्षीसपत्र दहा वर्षांनी दिवाणी न्यायालयात उघडलं जातं, तेव्हा त्या प्लॉटवर घर उभं असतं. तिला आधीच विश्वासात घ्या.

भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २, म्हणजे सरकारी शर्तीवर दिलेली जमीन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बहुधा नजराणा (सरकारला भरायची रक्कम) लागतो. सिडको किंवा एमआयडीसीचा भाडेपट्ट्याचा प्लॉट असेल तर त्यांची पूर्वपरवानगी घ्या.

इतर हक्कात बँकेचा बोजा आहे का? असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत पत्र आणा, नाहीतर आधी कर्ज फेडून बोजा कमी करून घ्या.

आणि हा खरोखरच मंजूर रेखांकनातला बिनशेती प्लॉट आहे, की शेताचा कोपरा? मोठ्या गटातून पाच गुंठे काढून मुलाला देणं तुकडेबंदी कायद्यात अडकतं. शेतजमिनीसाठी प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. शहरालगतच्या रहिवासी झोनसाठी २०२५ मध्ये सवलती आल्या आहेत. आपला गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

३. बक्षिसाच्या दिवशीचा आयकर: शून्य, पण कोणाला?

भारतातला बक्षीस कर कायदा १ ऑक्टोबर १९९८ नंतरच्या बक्षिसांना लागू नाही. आता बक्षीस घेणाऱ्याच्या हातात कलम ५६(२)(१०) पाहतात, आणि त्यातून 'नातेवाईक' वगळले आहेत. आई, वडील, आजी, आजोबा हे थेट वरच्या पिढीचे, म्हणून त्यांनी दिलेला प्लॉट कितीही किमतीचा असो, मुलाला किंवा मुलीला त्यावर आयकर नाही. लग्न झालेल्या मुलीलाही नाही.

इथे घोळ होतो तो सुनेचं नाव घालताना. 'दोघांच्या नावावर करू, उद्या कर्जाला बरं' म्हणून बक्षीसपत्रात मुलगा आणि सून दोघांची नावं घेतात. आयकरात सासऱ्याकडून सुनेला मिळालेलं बक्षीसही करमुक्त आहे, कारण सासरे तिच्या नवऱ्याचे थेट वरच्या पिढीचे. पण दोन गोष्टी बदलतात:

- कलम ६४(१) प्रमाणे सुनेला दिलेल्या मिळकतीचं उत्पन्न सासऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात. तिच्या अर्ध्या हिश्श्याचं भाडं, पुढे विकल्यावरचा तिचा नफा, सगळं.
- मुद्रांक शुल्काच्या सवलतीच्या यादीत हयात मुलाची पत्नी नाही. तिच्या हिश्श्याला पूर्ण दर लागतो.

म्हणून बक्षीसपत्र फक्त मुलाच्या किंवा मुलीच्या नावाने करा. सुनेला किंवा जावयाला कर्जात सहकर्जदार घ्यायचं असेल, तर आपल्या बँकेला ते मालकीत नाव न घालता चालतं का, हे आधी विचारा.

मूल अज्ञान असेल तर बक्षीस पालक स्वीकारतो, पण त्या मिळकतीचं उत्पन्न मूल सज्ञान होईपर्यंत आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. मोकळ्या प्लॉटला उत्पन्न नसतं, तेव्हा तोवर प्रश्न नाही. प्लॉट पार्किंगला किंवा टॉवरला भाड्याने दिला असेल तर आहे.

४. मुद्रांक शुल्क: २०० रुपये की ३ टक्के?

'बक्षीसपत्राला दोनशे रुपयेच लागतात' हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. ते अर्धवट आहे. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची १ मधील अनुच्छेद ३४ असं सांगतो:

- निवासी आणि शेती मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना दिली, तर २०० रुपये.
- इतर कोणतीही मिळकत पती, पत्नी, भाऊ, बहीण किंवा थेट वरच्या-खालच्या पिढीला दिली, तर बाजारमूल्याच्या ३ टक्के.
- यादीबाहेरच्या माणसाला दिली, तर खरेदीखताचा दर.

आता मोकळा बिनशेती प्लॉट कशात बसतो? तो शेती नाही, आणि त्यावर राहतं घरही नाही. इथेच नोंदणीच्या टेबलावर कागद अडतो. माझा सल्ला: मोकळ्या प्लॉटसाठी ३ टक्के धरूनच पैसे बाजूला काढा. २०० रुपयांची सवलत मागायची असेल तर सही करण्याआधी कलम ३१ खाली मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती मुद्रांक लागेल हे ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या. तिथून लेखी आदेश आला की पुढे कोणी कमी मुद्रांकाचा वाद काढत नाही. असा आदेश न घेता दोनशेवर दस्त उरकला आणि पुढे तपासणीत फरक निघाला, तर फरकासोबत दरमहा २ टक्के दंड मागे लागतो.

प्लॉटवर जुनं राहतं घर असेल, अगदी दोन खणांचं पत्र्याचं का असेना, तर मसुद्यात त्याचं वर्णन घाला आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा पालिकेचा घरपट्टी उतारा जोडा. मग ती निवासी मिळकत ठरते. आणि जमीन अजून शेतीच असेल, तुकड्याचा प्रश्न नसेल, तर आधी बक्षीस आणि मग मुलाच्या नावावर बिनशेती, हा क्रम स्वस्त पडतो.

ही टक्केवारी लावायची ती रेडी रेकनरच्या मूल्यावर, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातल्या दराने. बक्षिसात किंमतच नसते, त्यामुळे 'आम्ही पैसे घेतलेच नाहीत' हा मुद्दा इथे चालत नाही. हिशेब असा:

२०० चौरस मीटर × १५,००० रुपये = ३०,००,००० रुपये मूल्य
मुद्रांक ३ टक्के = ९०,०००
स्थानिक संस्थेचा अधिभार १ टक्का = ३०,०००
मेट्रो अधिभार १ टक्का (मुंबई, पुणे, नागपूर) = ३०,०००
नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० = ३०,०००

म्हणजे पुण्यात १,८०,००० आणि मेट्रो अधिभार नसलेल्या तालुक्याच्या गावी १,५०,०००. वर पानांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क. २०० रुपयांच्या सवलतीत नोंदणी फीही २०० रुपये असते, पण अधिभार माफ आहे असं गृहीत धरू नका. चलन काढण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात आपल्या हद्दीपुरतं विचारून घ्या.

दरतक्ता १ एप्रिलला बदलतो. मार्चअखेरीस ठरवलेलं काम एप्रिलवर गेलं तर हिशेब नव्याने करा.

५. कागद गोळा करा

- ताजा सातबारा आणि ८अ, किंवा मिळकत पत्रिका
- वडिलांचं मूळ खरेदीखत आणि त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा). वारसाने आला असेल तर वारस फेरफार
- बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकनाचा नकाशा
- मोजणीची 'क' प्रत, असेल तर
- चालू वर्षाची घरपट्टी किंवा जमीन महसुलाची पावती
- दोघांचे आधार आणि पॅन (पॅन नसल्यास फॉर्म ६०)
- नात्याचा पुरावा: मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा रेशनकार्ड
- दोन साक्षीदार, आपापल्या ओळखपत्रासह

नावांची स्पेलिंग आणि वडिलांचं मधलं नाव सगळीकडे जुळतं का, ते घरीच पाहा. सातबाऱ्यावर 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय' असा फरक असेल तर मसुद्यात 'ऊर्फ' घालून दोन्ही नावं लिहा आणि प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

६. मसुदा: या ओळी हव्यातच

वडील 'लिहून देणार', मूल 'लिहून घेणार'. गट किंवा सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा. मिळकत वडिलांकडे कशी आली, त्या खताचा दस्त क्रमांक आणि तारीख. यानंतर:

*'सदर मिळकत लिहून देणार यांनी प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, आजरोजी बक्षीस दिली असून लिहून घेणार यांनी ती स्वीकारून ताबा घेतला आहे.'*

स्वीकार महत्त्वाचा आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२२ प्रमाणे देणाऱ्याच्या हयातीत स्वीकार झाला नाही तर बक्षीसच होत नाही. म्हणून मुलाची सही दस्तावर घ्या. 'मुलाने बहिणीला पाच लाख द्यावेत' अशी वाक्यं मात्र यात नकोत. मग ते विनामोबदला राहिलं का, असा प्रश्न उभा राहतो. तो व्यवहार वेगळा ठेवा.

आता एक गोष्ट, जी लिहायला मुलांना संकोच वाटतो आणि आई-वडिलांना त्याहून जास्त. देणारे साठीच्या पुढचे असतील तर ही अट मसुद्यात घाला की मुलगा त्यांच्या मूलभूत सोयी आणि शारीरिक गरजा पुरवील. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ अशाच अटीवर उभं आहे. अट मोडली तर न्यायाधिकरण बक्षीस रद्द ठरवू शकतं. महाराष्ट्रात तो अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये या कलमासाठी अट असणं आवश्यक मानलं आहे. ज्याला आई-बापांना सांभाळायचंच आहे, त्याचं या ओळीने काही जात नाही. मसुदा लिहिणारा 'याची काय गरज' म्हणाला तरी आग्रह धरा.

७. नोंदणीचा दिवस

१. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पीडीई (पब्लिक डेटा एंट्री) या सोयीत दस्ताची माहिती स्वतः भरा आणि क्रमांक जपून ठेवा.
२. ग्रास या सरकारच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून मुद्रांक आणि नोंदणी फी, दोन्हींची चलनं काढा. मुद्रांक सहीच्या आधी किंवा त्याच दिवशी भरलेला हवा.
३. वेळ आरक्षित करा.
४. दोघे पक्षकार आणि दोन साक्षीदार मूळ ओळखपत्रं घेऊन हजर. फोटो आणि अंगठे तिथेच घेतात. साक्षीदारांच्या सह्या राहिल्या तर बक्षीसपत्र मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ मध्ये टिकत नाही.
५. घरी जाण्याआधी सूची क्रमांक २ काढून गट नंबर, प्लॉट नंबर आणि क्षेत्र तपासा. इथली चूक पुढे चूक-दुरुस्ती दस्ताने सुधारावी लागते, आणि त्याला पुन्हा सगळ्यांना हजर राहावं लागतं.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यायचा असतो. वडील अंथरुणाला खिळलेले असतील तर गृहभेटीचा अर्ज करा. दुय्यम निबंधक घरी येऊन नोंदणी करतात. त्यांच्या थरथरत्या अंगठ्याचा ठसा यंत्राला लागत नाही असं होतं, तेव्हा घाई करू नका, कोमट पाण्याने बोटं पुसून पुन्हा प्रयत्न करा.

८. फेरफार

नोंदणी झाली म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागलं, असं नाही. दस्ताची माहिती तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) ऑनलाइन जाते, फेरफार नोंद पडते, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. शहरात हेच काम नगर भूमापन कार्यालयात. महिना-दीड महिन्यात नाव दिसलं नाही तर सूची क्रमांक २ घेऊन प्रत्यक्ष जा. घरपट्टी आणि गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट असल्यास सभासदत्व, यांचे अर्ज वेगळे द्यावे लागतात.

नोंदणी कार्यालयाकडून ३० लाख आणि पुढच्या मिळकतींची माहिती आयकर विभागाला जाते. तुमच्या वार्षिक माहिती विवरणात, म्हणजे एआयएसमध्ये, हे बक्षीस 'खरेदी' म्हणून दिसलं तर तिथेच प्रतिसाद नोंदवा आणि बक्षीसपत्राची प्रत हाताशी ठेवा.

९. पुढे विकाल तेव्हा: खरा हिशेब इथे आहे

समजा वडिलांनी १९९२ मध्ये ४०,००० रुपयांना प्लॉट घेतला. १ एप्रिल २००१ चं त्याचं मूल्य २,००,००० होतं. बक्षिसाच्या वेळी मुद्रांकासाठी ३८,००,००० धरलं. आता तुम्ही ४२,००,००० ला विकलात.

पुष्कळ जण ४२ मधून ३८ वजा करून ४ लाख नफा दाखवतात आणि ५२,००० रुपये कर भरून मोकळे होतात. हे चूक आहे. कलम ४९(१) प्रमाणे बक्षीस मिळालेल्या मिळकतीची तुमची किंमत म्हणजे आधीच्या मालकाची किंमत. ३८ लाख हा आकडा फक्त मुद्रांकापुरता होता. बरोबर हिशेबात, प्लॉट २००१ च्या आधीचा असल्याने, खरेदीच्या किमतीऐवजी १ एप्रिल २००१ चं मूल्य घेता येतं, म्हणून नफा ४० लाख, १२.५ टक्क्यांनी ५,००,००० आणि ४ टक्के उपकर धरून ५,२०,००० रुपये. फरक ४,६८,००० रुपयांचा, आणि नोटीस आली की वर व्याज. 'फुकट मिळाला, म्हणून किंमत शून्य' हेही तितकंच चूक; त्यात तुमचा जादा कर जातो.

वडिलांनी प्लॉट धरून ठेवलेली वर्षंही तुमच्या खात्यात मोजतात. त्यामुळे बक्षिसानंतर सहा महिन्यांत विकला तरी, दोघांचा मिळून काळ २४ महिन्यांपेक्षा जास्त असेल तर नफा दीर्घकालीन. वडिलांनी २००१ नंतर घातलेलं कुंपण, भराव, विकासशुल्क हेही पावत्या असतील तर खर्चात धरता येतं. तुम्ही त्यावर घर बांधलंत तर बांधकामाचा खर्च तुमचा, त्याची बिलं वेगळ्या फायलीत लावा. मोकळा प्लॉट विकून राहतं घर घेतलं तर कलम ५४एफ ची सूट पाहा: विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत खरेदी, किंवा तीन वर्षांत बांधकाम.

१०. मूल परदेशात असेल तर

भारतीय पासपोर्टवरचा अनिवासी मुलगा किंवा ओसीआय (मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्डधारक मुलगी आई-वडिलांकडून बिनशेती प्लॉट बक्षीस घेऊ शकते. शेतजमीन, फार्महाऊस, मळ्याची जमीन बक्षीस घेता येत नाही. ती फक्त वारसाने मिळते. सातबाऱ्यावर जमीन अजून शेती दिसत असेल तर आधी बिनशेती करून घ्या, मग बक्षीस.

स्वीकारासाठी येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र वकिलातीत साक्षांकित करून पाठवा आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. मूल अमेरिकेचं करदाता असेल आणि त्या वर्षी परदेशी व्यक्तीकडून मिळालेल्या बक्षिसांचं मूल्य १,००,००० डॉलरच्या वर असेल, तर तिथे फॉर्म ३५२० भरावा लागतो. कर नसतो, पण फॉर्म राहिला तर दंड बक्षिसाच्या मूल्याच्या दरमहा ५ टक्के, कमाल २५ टक्के. अनिवासी मुलाने पुढे प्लॉट विकला तर खरेदीदार निवासी विक्रेत्यासारखा १ टक्का नव्हे, तर कलम १९५ खाली बराच जास्त कर कापतो. तो कमी करून घेण्याचा दाखला विक्रीआधी काढावा लागतो.

११. वडिलांच्या हयातीतच ही फाईल लावा

मूळ खरेदीखत, त्या वेळी भरलेल्या मुद्रांकाची पावती, भरावाची आणि कुंपणाची बिलं, बिनशेती आदेश. प्लॉट २००१ च्या आधीचा असेल तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून १ एप्रिल २००१ चा अहवाल आत्ताच करून घ्या. तो आकडा त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही, म्हणून २००१ च्या दरतक्त्याचं पानही त्यासोबत जोडा. खरेदीखत फिकट होऊन अक्षरं उडायला लागली असतील तर नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढा. दस्त क्रमांक सापडत नसेल तर वडिलांना साल आणि विकणाऱ्याचं नाव विचारा. तेवढ्यावरही जुन्या सूचीत शोध घेता येतो.